आधीही एकशे दहा

टाक्यांच्या रंगाची जाडी मोजायची,
एवढ्याचाच मला पगार.
सोहारच्या बंदरात, शिडीवर उभं राहून
मीटर टेकवायचं, आकडा लिहायचा,
कमी भरला तर ठेकेदाराला पुन्हा वर चढवायचं.

म्हणून कुरियाकोसने बाटली आणली तेव्हा
मी आधी बॉनेटवर मीटर टेकवलं:
एकशे दहा मायक्रॉन.

खोकल्याच्या औषधाहून लहान बाटली,
वर पाच वर्षांचा वायदा.
निम्मी त्याच्या गाडीला, निम्मी माझ्या.
पैसेही निम्मे, बैशांपर्यंत हिशोब.

फेब्रुवारीतला शुक्रवार, पत्र्याच्या शेडखाली
बादल्या, स्पिरिट, जुन्या बनियनची फडकी.
अर्धं दार घ्यायचं. उभं लावायचं, आडवं लावायचं,
आणि थांबायचं.
डबक्यावर सांडलेल्या रॉकेलसारखे
रंग तरळायला लागतात, तो क्षण.
लवकर पुसलं तर फुकट,
उशीर केला तर डाग जन्माचा.

पेट्रोलच्या झाकणाशेजारी
कुरियाकोसने अंगठा टेकवून बघितला,
वाळलं का.
वाळतच होतं.
मी ओरडलो, तो हसला,
फडकं सापडेपर्यंत
अंगठा आत राहून गेला.

मग पुन्हा मीटर. एकशे दहा.
जे लावलं होतं ते माझ्या यंत्राच्या
गणतीतच नव्हतं.

पण पाणी ओतलं,
आणि पाणी गाडीला ओळख देईना.
गोल गोल होऊन पळालं.
अळवावरचं पाणी: आमच्याकडे हे
न टिकणाऱ्या गोष्टींबद्दल म्हणतात.
इथं मी त्याचेच पैसे मोजले होते.

वही ठेवली. सवय, दुसरं काय.
जूनपर्यंत लिहिण्यासारखं काही नव्हतं.
मग समुद्राकडून ती ओली हवा आली,
पहाटे गाडीला घाम, घामावर धूळ,
धुळीचे ओघळ आठ वाजता भाजून पक्के.
कंपनीच्या गेटाशी बोरीखाली लावली, सावली म्हणून;
साळुंकीने एकदाच, पण भरदुपारी.
पुसलं तेव्हा खाली खळगा.
ऑक्टोबरात वॉचमन नूरुलने
माझ्यावर उपकार म्हणून गाडी धुतली,
विहिरीच्या मचूळ पाण्याने, उन्हात.
छतभर पांढऱ्या कड्या. मी त्याला चहा पाजला.

चौदाव्या महिन्यात बॉनेटवरचे थेंब बसके झाले,
सोळाव्यात थेंबच नाहीत,
पाणी आलं आणि चादरीसारखं पडून राहिलं.
दारांवर मात्र अजून पळत होतं.
ऊन जिथं सरळ पडतं तिथलं आधी जातं.
(वहीत ही ओळ आहे. खाली तारीख नाही.)
पाच वर्षांपैकी
बॉनेटच्या वाट्याला सव्वा आली.

मधल्या काळात कुरियाकोसला जुबैलला काम लागलं.
गाडी तीन दिवसांत विकली त्याने,
मिळेल त्या भावात. तिचं पुढं काय झालं,
नोंद नाही. तुलनेचा नमुनाच गेला.
सुरुवातीला फोन यायचा, विचारायचा:
थेंब?
मी सांगायचो, दारांवर आहेत.

आता माझंही कंत्राट संपलं.
गाडी बघायला नबील आला, बलुशी पोरगा,
आपल्यासारखंच हिंदी बोलणारा, नजर घारीची.
मोबाइलचा दिवा तिरका धरून
पत्र्यावरून फिरवत फिरवत
पेट्रोलच्या झाकणाशी थांबला.

हे काय?
अंगठा.
कोणाचा?
मित्राचा.
निघेल?
घासला तर निघेल, मिनिटाचं काम.
मग तुम्ही का नाही काढला?

या रकान्यात मला काय लिहावं सुचेना.

तो म्हणाला, पंधरा रियाल कमी करा.
मी म्हणालो, दहा.
बारावर तुटलं.